ब्रीदरला जोडलेली कूलरची नळी

आईच्या माहेरच्या घराण्यातला कुणी एक पानिपतावर पडला, असं ते लोक मानत. त्यामुळे दिल्लीत आल्यापासून दर संक्रांतीला ती तिथे जाऊन तिळगूळ ठेवून येई. त्या हिवाळ्यात मात्र तिचा दमा फार बळावला होता. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला बजावलं होतं. दिल्लीत, जानेवारीत! सांगायला काय जातंय.

पण आई हटून बसली. बस आणि रेल्वेची गर्दी तिला झेपणार नव्हती, म्हणजे राहिली आमची गाडी. तिच्यात बाबांनी कुठूनसं जुनं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. इंजिनाच्या पोटात साठणारा धूर बाहेर पडायला ब्रीदरची नळी असते. आमच्या नळीचं तोंड बॉनेटखालीच उघडं होतं, आणि तो तेलकट धूर थेट आत नाकात यायचा. सरोजिनी नगरची आमची गल्ली संपायच्या आत आईला ढास लागायची.

बाबा केंद्र सरकारात होते. एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर सरकवावी, तसा त्यांनी धूर मागे सरकवायचा ठरवला. क्वार्टरच्या बाल्कनीत कूलर चादर पांघरून पडला होता. त्याची पाण्याची प्लास्टिकची नळी उपसून त्यांनी ब्रीदरला जोडली आणि तारेने बांधत गाडीखालून पार मागे नेली.

"बाबा, रबराची आणा ना," मी म्हटलं.

"अच्छा, आता तू इंजिनियर! उन्हाळ्यापर्यंत कूलर लागतोय कुणाला?"

मग आईला शाल गुंडाळून पुढे बसवलं आणि दारातच इंजिन चालू केलं. "येतोय वास?"

"बिल्कुल नाही हो," आई म्हणाली आणि हसली. बाबांचा चेहरा असा खुलला, की मलाही वाद घालवेना.

सोनीपत मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. दारात इंजिन नुसतं चालू ठेवलं होतं, इथे ते तापलं. सायलेन्सरला टेकलेली नळी मऊ पडली आणि चपटी होऊन बंद झाली. कोंडलेल्या धुराने तेल मोजायची पट्टी वर उडवली. तेल तापलेल्या इंजिनावर सांडलं आणि गाडी धुराने भरून गेली. आईला मी अक्षरशः ओढून बाहेर काढलं.

बाहेर तरी काय होतं? धुक्यात लागोपाठ ट्रक जात होते, आणि प्रत्येक ट्रक काळा लोट सोडून जाई. मी हात दाखवत होते, कुणी थांबेना. त्या ड्रायव्हरांचा, धुक्याचा, त्या नळीचा मला भयंकर राग येत होता आणि त्या रागाचा काडीचा उपयोग नव्हता.

बाबा गाडीखालून भाजलेली बोटं घेऊन उठले आणि आईला म्हणाले, "अगं, तू आत बस. काचा वर कर."

"आतूनच तर आले."

"मग जरा इकडे, बाहेर..." एक ट्रक गेला. आईला श्वास घेता येईना. तिने बाबांची बाही घट्ट धरली.

"अहो, कुठे उभी राहू, तेवढं सांगा."

बाबांनी कोट काढला आणि तो पसरून धरत ते तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभे राहिले. धूर कोटाखालून येतच होता.