चौथं लिंबू

देव आहे की नाही, या वादात मी कधी पडलो नाही. खरं सांगायचं तर मला त्याची गरजच वाटत नव्हती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सोलापुरात आईने विड्या वळून मला इंजिनिअर केलं. जे झालं ते तिच्या हातांनी आणि माझ्या अभ्यासाने झालं, अशी माझी समजूत. त्याचा अभिमान आजही आहे, लपवत नाही.

गेल्या हिवाळ्यात आई कतारमध्ये, दोह्याला माझ्याकडे आली. वर्षानुवर्षं मांडीवर सूप घेऊन वाकून बसल्याने तिची पाठ गेलेली. ऑपरेशननंतर अर्धा तासही सलग बसवत नाही. मी ऑफिसला, आणि ती ओल्ड एअरपोर्ट भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये छताकडे बघत पडलेली. परत जायला आठवडा उरला तेव्हा म्हणाली, "एकदा मोकळं रान दाव की रं. एक बी घर नसलेलं."

मी झेक्रीत नावाची जागा ठरवली. तिथे वाळवंटात पांढऱ्या खडकांच्या छत्र्या उभ्या आहेत, पलीकडे समुद्र. साध्या कारमध्ये तिला झेपलं नसतं, म्हणून मोठं मोटरहोम भाड्याने घेतलं, आत पलंग, शेगडी, सगळं असलेलं. वीस मिनिटं चालवायचं, थांबायचं, तिने पाठ टेकायची, पुन्हा निघायचं. थांबे, पाणी, गॅस, सूर्यास्ताची वेळ, जवळचं हॉस्पिटल... एक्सेलमध्ये बासष्ट ओळी झाल्या. झालेली प्रत्येक ओळ मी हिरवी करत होतो. निघायच्या सकाळी सगळी शीट हिरवीगार होती.

इंडस्ट्रियल एरियातल्या यार्डात गाडी ताब्यात घेतली, तर आईने पिशवीतून चार लिंबं काढली. चाकाखाली ठेवायला.

"आई, इथे नको. लोक बघतायत. मी सगळं चेक केलंय."

"तू केलंस रं. भवानीआईला कुठं इचारलंस?"

"तुझ्या लिंबावर गाडी चालत नाही!" मी जोरात बोललो.  तिने लिंबं परत पिशवीत टाकली. ते मला लागलं, पण माघार घेणं जमेना.

शेजारच्या गॅरेजमधले एक म्हातारे पठाण मेकॅनिक कूलरचं पाणी भरायला आले होते. त्यांनी पाहिलं असावं. बाटली खाली ठेवून म्हणाले, "लाओ अम्मा, मैं रखता हूँ. माँ का दिल नहीं तोड़ते, बेटा." तीन लिंबं नीट बसली. चौथं घरंगळलं आणि मागच्या चाकांच्या आत गेलं. मी म्हटलं, "छोड़ो चाचा, तीन बहुत हैं." आई म्हणाली, "चार लागत्यात." तिची मराठी त्यांना कळली की काय, पुठ्ठा अंथरून ते गाडीखाली शिरले.

बराच वेळ बाहेर येईनात. मग आवाज आला, "बेटा, मोबाइल की लाइट मार इधर."

मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं होती. मी फक्त बाहेरची बघितली होती. आतल्या टायरला, आतल्या अंगाने, मुठीएवढा फुगा आला होता. चाचा म्हणाले, "खलास. रोड पे फटता तो गाड़ी सँभलती नहीं." माझ्या शीटमध्ये 'टायर' ही ओळ हिरवी होती.

यार्डवाल्यांनी टायर बदलून दिला. मी चाचांचे हात धरले, तर म्हणाले, "ऊपरवाले का शुक्र करो. मैं तो पानी लेने आया था." चौथं लिंबू त्यांनी स्वतः नव्या टायरखाली ठेवलं आणि गाडीवर थाप मारली, "यल्ला! चलो!"

दुपारी झेक्रीतला पोचलो. खडकाच्या सावलीत सतरंजीवर आई उताणी पडली. वर नुसतं आभाळ. "एक बी घर न्हाई," ती म्हणाली आणि हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं."

"मला कशाला सांगतोस? तिला सांग."

समोर मूर्ती नव्हती, देऊळ नव्हतं. तरी मी हात जोडले, आणि डोळे भरून आले.

कुणी याला योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी भांडणार नाही. मी अजूनही याद्या करतो, ओळी हिरव्या करतो. शिक्षण काही वाया गेलेलं नाही. फक्त निघताना लॅपटॉप मिटला की त्यावर हात ठेवून म्हणतो, आई भवानी, मला दिसलं तेवढं मी बघितलंय. आतलं चाक तू बघ.