पावसाच्या देशातली वाळकी झाडं

कहकशाला नको तिथं प्रश्न पडतात, असं तिच्या ऑफिसात सगळ्यांचं मत होतं आणि ते काही खोटं नव्हतं. उस्मानपुऱ्यातल्या या ऑफिसात परदेशी कामं येत. विमानातून काढलेल्या फोटोंवर रेघा मारून नकाशे करायचे. या खेपेचं काम होतं युरोपातल्या एका थंड, पावसाळी किनाऱ्यावरचं मूळ जंगल पुन्हा उभं करण्याचं. कोणती झाडं राखायची आणि कोणती तोडून नवी लावायची, हे तिच्या नकाशावर ठरणार होतं.

हिवाळ्याच्या तोंडाशी कहकशानं एका दरीतली चारशे निष्पर्ण झाडं तोडायची म्हणून लाल रंगवून, त्यांच्याखालचं हिरवं गचपण राखायचं ठरवून नकाशा धाडूनही दिला. आपल्याकडे झाड पानं टाकतं ते पाण्यावाचून. तिथं तर वर्षातले दोनशे दिवस पाऊस. मग पानं नाहीत म्हणजे झाड मेलेलंच की!

पण भर पावसात झाडं मरतात कशानं, हा किडा काही डोक्यातून जाईना. घरी तिनं फोटो अब्बांना दाखवला. मुख्तारभाईंची हयात शेंद्र्याच्या रोपवाटिकेत गेलेली. त्यांनी चष्मा पुसून फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

“मेलेल्या झाडाची बारीक डहाळी आधी झडती, बेटा. ह्याच्या तर साऱ्या सलामत हायेत. हे मेलं नाय.”

“मग पाणी असून पानं का टाकली, अब्बा?”

“ते मला काय ठाऊक? ज्याचं झाड हाय त्याला विचार की.”

सकाळी कहकशानं ऑफिसात साहेबांना, शंतनूंना, सगळं सांगितलं.

“आपली चूक आपणच कळवायची? पुढचं काम देतील का ते?” शंतनू वैतागले.

“चारशे झाडं आहेत, सर. मला झोप लागणार नाही.”

तिनं चूक कबूल करून काम देणाऱ्यांना पत्र धाडलं. खाली न राहवून विचारलंच, तुमची झाडं पानं का टाकतात?

संध्याकाळी उत्तर आलं. फोटो गेल्या फेब्रुवारीतला होता आणि तिथं झाडं थंडीनं पानं टाकतात. ओकची ती झाडं तीनशे वर्षांची होती. तिनं राखायला सांगितलेलं हिरवं गचपण मात्र परक्या झुडपाचं, जंगल गिळणारं. ठेकेदाराची माणसं तिचा नकाशा घेऊन दरीत उतरली होती. त्यांना थांबवेपर्यंत नऊ झाडं पडली.

कहकशा रडली. मग नकाशा उघडून तिनं तीनशे एक्क्याण्णव झाडांचा लाल रंग काढला. त्यांच्या उत्तराखाली पुढच्या दरीचं कामही आलं होतं. फोटो कोणत्या महिन्यातला, ते तिनं आधी विचारलं.