दूध सोडलेली सून

माझ्या सासरचं घर इतकं शाकाहारी होतं की गल्लीत कुणाकडे मटण शिजायला लागलं की आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आपटून बंद व्हायची आणि पाठोपाठ उदबत्ती लागायची. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, बोलण्यात निम्मं कानडी. सोलापुरात सरकी-पेंडीचं दुकान आणि घरामागच्या गोठ्यात दोन म्हशी. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणायचे. ‘आमच्यात खात न्हाईत,’ हे अव्वा अशा आवाजात सांगायच्या की ऐकणाऱ्याला उगाचच स्वतःच्या तोंडाला वास येतोय असं वाटावं. काय खात नाहीत हे सांगायची गरज नसे.

आमचे हे मात्र खायचे. दर बुधवारी दुकानातून परस्पर कुठल्या तरी खानावळीत जायचे आणि तोंडात लवंग धरून घरी यायचे. अव्वा दारातच पाण्याचा तांब्या द्यायच्या, ‘आज दुकानात लई काम पडलं असंल,’ म्हणायच्या आणि ताटात दहीभात वाढायच्या. हे दहीभात चिवडत बसायचे. लवंगेचा वास साऱ्या घराला यायचा, पण बुधवारी साऱ्या घराला सर्दी झालेली असायची.

अशा घरात एका श्रावणात मी दूध सोडलं. सत्तर सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती, माझ्या लग्नाला दोन झाली होती.

त्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मंद्रूपला गेले होते. मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. बारशाला सासरची माणसं बाराव्या दिवशी यायची होती, त्यामुळे त्यांनी तिला पाहिलंच नाही. नाव ठेवायचंही राहून गेलं. ती गेली तरी माझी छाती भरून यायची. आईनं मोगऱ्याची फुलं बांधून दूध आटवलं. दीड महिन्यानं मी सोलापूरला आले, तेव्हा अव्वांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, ‘दुसरं हुईल की लगीच,’ म्हणाल्या आणि दुधाचा पेला हातात दिला. मग रोज सकाळ-संध्याकाळ पेला. त्या दुसऱ्याची तयारी म्हणून.

आठवड्याभरात मोठ्या म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस लाथा झाडायला लागली, कासेला हात लावू देईना. मग गड्यानं रेडकाचं कातडं सोललं, वाळवलं, आत भुसा भरला, सुतळीनं शिवलं आणि काठ्यांच्या चार पायांवर तिच्यापुढं उभं केलं. मी चरवी आणायला गोठ्यात गेले तर म्हैस त्या भुशाला चाटत होती आणि धारा सुरू होत्या. गडी मला म्हणाला, ‘असंच करत्यात वैनी, न्हायतर ती देत न्हाय.’ त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

मला म्हशीची दया आली असं मी म्हणणार नाही. मला तिचा हेवा वाटला. तिला चाटायला काहीतरी होतं. आणि त्याच दमात अशी किळस आली की संध्याकाळचा पेला मी मोरीत ओतला. दूध सुटलं, मग दही, ताक, तूप सगळंच सुटलं. कारण मी कुणाला सांगितलं नाही; सांगितलं असतं तर पुन्हा तेच ऐकावं लागलं असतं, दुसरं हुईल की.

मी मटण सोडलं असतं तर घरानं मला पाटावर बसवून ओवाळलं असतं. पण मटण मी खातच नव्हते. सोडायला माझ्याकडं दूधच होतं. तर अव्वांनी साऱ्या गल्लीत बातमी केली, ‘हाल ब्याडंत.’ दूध नको म्हणते. पळून गेलेल्या मुलीची बातमी सांगावी तसा सूर. शेंगदाण्याची चटणी दह्याऐवजी करडईच्या तेलात कालवली की त्या माझ्या ताटाकडे बघून उसासा टाकायच्या. ‘मग खायाचं काय माणसानं?’ हा प्रश्न मला भाकरी, आमटी, भाजी, चटणी खाताना विचारला जायचा. आमच्या ह्यांची आत्या करणी झालीय म्हणून लिंबू उतरवून गेली. आता माझ्या नातीच्या मैत्रिणी असंच खातात, त्याला व्हीगन म्हणतात आणि बदामाचं दूध पितात. माझ्या वेळी नाव नव्हतं म्हणून लिंबू.

शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं. ज्यांच्या मटणापायी आमची खिडकी आपटायची ते हेच. त्या घरातली बाई भिंतीवरून मला हसली. ‘श्रावणात मटण सोडणारे लई बघितले, दूध सोडणारी तू पैली,’ म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘अंगात ताकद न्हाई दिसत तुझ्या. पायाचं सूप देऊ का? कुणाला सांगणार न्हाई.’ मी सूप घेतलं नाही, पण अंगातल्या ताकदीची चौकशी करणारी ती पहिलीच.

अव्वांचा धीर श्रावण अर्ध्यावर येईपर्यंत टिकला. मग त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, ‘श्रावण सरूस्तोवर दूध घ्यायला लाग. न्हाईतर मंद्रूपच्या एस.टी.त बसवून देते. डोस्कं ठिकाणावर आलं की ये.’ ‘डोस्कं ठिकाणावर आलं की’ याचा अर्थ मला ठाऊक होता. आमच्याच गल्लीतली एक सून अशी माहेरी पाठवली होती. वर्षाच्या आत तिच्या जागी दुसरी आली. मला भीती वाटत होती. तरी पेला तोंडाजवळ नेला की भुसा दिसायचा.

शेवटच्या श्रावणी सोमवारी मठाचे स्वामी घरी पूजेला आले. पंचामृत वाटताना माझ्यापुढं पळी आली आणि मी हात पदराखाली घेतला. बाकीच्यांचे हात पुढं होते, त्यामुळं ते उठून दिसलं. स्वामींनी पळी परत वाटीत ठेवली आणि मला समजावून सांगायला घेतलं. दूध सात्त्विक असतं, त्यात हिंसा नाही, मुकं जनावर ते आपणहून देतं, वगैरे. त्यांचा आवाज गोड होता. बोलता बोलता त्यांनी दोनदा ‘आपणहून’ म्हटलं.

तेवढ्यात आमच्या ह्यांना चेव आला. ‘आमच्या घरात आजवर अभक्ष्य शिरलेलं न्हाई, स्वामीजी,’ ते म्हणाले, ‘आणि ही दुधाला नावं ठेवते.’ गेल्या बुधवारचा खिमा पोटातून हे ऐकत असता, तर तोही ओशाळला असता. घरातल्या कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. अव्वा छताकडं बघत होत्या.

मी म्हणाले, ‘आपणहून देती का, हे एकदा गोठ्यात येऊन बघा की.’

स्वतःच दोनदा ‘आपणहून’ म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. स्वामी हातातल्या वाटीसकट गोठ्यात आले, मागून घरदार. रेडकाची एक शिवण उसवली होती, तिथून भुसा सांडत होता. डोळ्यांच्या जागी टाके होते. म्हैस त्याची मान चाटत होती, आणि इतके दिवस चाटून तिथलं कातडं चकचकीत झालं होतं.

‘माझी लेक नवव्या दिवशी गेली,’ मी म्हणाले. ‘मला कुणी भुसा भरून पण दिली न्हाई. नुसतं दूध दिलं, दुसरं हुईल म्हणून.’

स्वामी ‘शिव शिव’ म्हणाले आणि त्यांना आठवलं की आणखी एका घरी जायचंय. हे त्यांना पोचवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी आत जाऊन ट्रंकेत लुगडी भरली. आता एस.टी. टळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या खबर काढायला आली, ‘पाठवताय का मग तिला?’ ट्रंक दाराशीच होती. अव्वा तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘कशाला पाठवू? डाक्टरनं सांगितलंय, तिला दूध सोसत न्हाई. घोटभर जरी गेलं की अंगावर गांधी उठत्यात. लिंबू उतरून जात न्हाई ते.’

मला कुठल्याच डॉक्टरनं पाहिलं नव्हतं. पण त्या घरात दुःखापायी दूध सोडता येत नव्हतं आणि आजारापायी येत होतं, हे अव्वांना माझ्या आधी कळलं. पुढं त्यांनी हे येईल त्याला सांगितलं, ह्यांनासुद्धा. गड्याला सांगून रेडकू उचलायला लावलं. चार दिवसांत म्हैस आटली, पुरुषांच्या चहात पाणी वाढलं, त्यांनी कुरकुर केली आणि अव्वांनी ती ऐकून घेतली.

त्यातल्याच एका दुपारी त्या माझ्यासाठी गुळाचा कोरा चहा घेऊन चुलीपाशी आल्या आणि समोर बसल्या. चहा निवेपर्यंत जमिनीवर बोटानं काहीतरी रेघा मारत राहिल्या. त्या घरात माझ्या लेकीला सगळे ‘ते’ म्हणायचे, ते राहिलं नाही, ते गेलं. अव्वांनी विचारलं, ‘ती कुणावर गेली हुती गं?’

‘तुमच्यावर,’ मी म्हणाले. ‘नाक तर तुमचंच.’

हे खोटं होतं. ती थेट माझ्या आईवर गेली होती. अव्वांनी स्वतःच्या नाकाला हात लावून बघितला, मग पदर डोळ्यांना लावला. त्या दिवसापासून त्या घरात तिला पाहिलेल्या आम्ही दोघी झालो.