दसऱ्याला अडकलेली लेन्स

दसऱ्याच्या दुपारी डिजिटल कॅमेऱ्यावर बसवलेली एक जुनी लेन्स दिवाळी झाली तरी निघाली नव्हती. तुळशीचं लग्न तोंडावर आलं असताना ती कॅमेऱ्यासकट गोंदियात माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आली.

कॅमेरा भूमेश्वरी कटरे यांचा. सालेकशात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, शाळेचे ग्रुप फोटो अशी कामं त्या घेतात. नवरा धानाची शेती पाहतो. लेन्स त्यांच्या सासऱ्यांची, देवाजी कटरे यांची. स्टुडिओ मूळचा त्यांचाच, रोलच्या जमान्यातला. त्यांचा जुना कॅमेरा केव्हाच बंद पडला, लेन्स मात्र शाबूत राहिली. लेन्सच्या कंपनीने ती बसवायचं माप कित्येक वर्षं बदललेलं नाही, त्यामुळे ती नव्या डिजिटल कॅमेऱ्याच्या बॉडीवरही बसते.

बसते, आणि एरवी निघतेही. या वेळी निघाली नाही.

सीझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. भूमेश्वरीताईंचं पहिलं बुकिंग आमगावचं होतं. कॅमेरा एकच. जुन्या लेन्सला ऑटोफोकस नाही, झूम नाही. तिच्यावर लग्न काढता येत नाही.

माझ्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी प्रयत्न झाले होते. एका दुकानदाराने रबराचा पट्टा गुंडाळून जोर लावला. लेन्सच्या कड्यावर त्याच्या खुणा होत्या. नंतर नागपूरचं सर्व्हिस सेंटर. तिथे लेन्स कापावी लागेल, त्याला मालकाची संमती हवी, असं सांगण्यात आलं. ताई कॅमेरा परत घेऊन आल्या.

त्यांचं म्हणणं नीट सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे. त्या म्हणाल्या, "भाऊ, लेन्सले आरी लावू नका. कॅमेरा खोला, तोडा, काईही करा. दुसरा हप्त्यावर घेईन मी. मामाजी बोलत नाईत, पण रोज कपाटाची ती रिकामी जागा पाहून राहिले." मामाजी म्हणजे सासरे.

त्याच संध्याकाळी देवाजींचा फोन आला. ते मला पूर्वीपासून ओळखतात. मी दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात फोटोग्राफर होतो, तेव्हा सालेकशाकडे गेलो की त्यांच्या डार्करूममध्ये रोल धुवायचो. त्यांनी तब्येत विचारली नाही, सरळ मुद्द्यावर आले.

"लेन्स कापून टाक."

मी विचारलं, नक्की का?

"काचेच्या तुकड्यापायी घर थांबवाचं का? कॅमेऱ्यावर चूल पेटून राहिली. अन् सूनबाईले सांगू नको मी फोन केला म्हणून. मशीनीतच तुटली म्हणजो."

एकाच वस्तूबद्दल माझ्याकडे दोन उलट निरोप होते, आणि दोन्ही निरोप देणाऱ्यांना हक्क होता. मी दोघांनाही "पाहतो" एवढंच म्हणालो.

आता अडकतं म्हणजे काय होतं ते. कॅमेऱ्याच्या तोंडावर धातूचं एक कडं असतं. त्याला माऊंट म्हणतात. लेन्स त्यात घालून फिरवली की माऊंटमधली एक बारीक पिन वर येते आणि लेन्सच्या पाठीवरच्या खाचेत बसते. टक् असा आवाज होतो. काढताना बाजूचं बटण दाबायचं. पिन आत जाते, लेन्स फिरते. मोटारीचं दार आणि त्याचा लॉक यापेक्षा वेगळं काही नाही.

माऊंट खोलून पिनपर्यंत जाता येत नाही का, असं कोणीही विचारेल. येतं. पण माऊंटचे स्क्रू लेन्सच्या खाली झाकलेले असतात. लेन्स निघाल्याशिवाय ते दिसत नाहीत. म्हणून सर्व्हिस सेंटर कापायचं म्हणतं. त्यांचं चूक नाही.

मी बॅटरी काढली आणि बटण दाबून पाहिलं. ते अर्ध्यावर थांबत होतं. लेन्स केसभर हलत होती, पुढे नाही. याचा अर्थ पिन वाकलेली नव्हती. वाकलेली पिन बटणाला हलूच देत नाही. पिन खाली यायला निघत होती आणि वाटेत काहीतरी तिला धरून ठेवत होतं.

जुन्या लेन्समध्ये हे काहीतरी बहुधा वाळलेलं ग्रीस असतं. ते चिकट होतं, मग घट्ट होतं. त्यावर आयसोप्रोपिल, म्हणजे धुण्याचं अल्कोहोल चालतं. ते लगेच उडून जातं, कॅमेऱ्याला बाधत नाही. कापसाच्या काडीवर घेऊन मी लेन्स आणि बॉडीच्या सांध्यातून फिरवलं.

काडी पिवळी झाली.

ग्रीस काळं निघतं, फार तर तपकिरी. पितळ गंजलं तर हिरवट. पिवळं मी आजवर पाहिलं नव्हतं. दुसरी काडी फिरवली, तीही पिवळी. वास घेतला, तेलाचा नव्हता. लेन्सच्या आतला रंग सुटला असेल म्हणावं, तर आतला रंग काळा असतो.

शेजारी हात धुवायचा साबण होता. काडीवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला. पिवळं लाल झालं. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडून तो ज्याने धुतला आहे, त्याला पुढचं सांगायला नको. ती हळद होती.

मी ताईंना फोन लावला. दसऱ्याला लेन्स पूजेत होती का, असं विचारलं.

"होती ना. दरवर्षीच राहते."

कशी मांडली होती?

"पाटावर आडवी. हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. काऊन भाऊ?"

पुढची-मागची झाकणं लावलेली होती का, हा माझा पुढचा प्रश्न. त्यांनी तो प्रश्न घरात कोणाला तरी विचारला. मागून देवाजींचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "देवापुढं तोंड झाकून कायले ठेवाचं?"

बाकीचं ताईंनी सांगितलं. घरात एक रीत आहे. पूजा झाली की वर्षाचा पहिला फोटो त्या लेन्सने काढायचा. त्यांनी लेन्स पाटावरून उचलली, समोरची काच पुसली आणि कॅमेऱ्यावर बसवली. पाठ पाहिली नाही. देवाजींचा फोटो काढला. नंतर बटण दबेना.

आमच्याकडे अक्षता हळदीच्या पाण्यात कालवतात. तांदूळ ओले असतात. एखादा दाणा लेन्सच्या खाचेत पडला असेल, तर लेन्स फिरवल्यावर पिन वर येऊन त्याचा चुरा करणार. ओला चुरा, हळदीचं पाणी आणि वर महिनाभर वाळणं. तांदळाच्या पिठाची ती लई, म्हणजे चिकट खळ, झाली होती. पिनच्या भोवती सिमेंटसारखी बसलेली.

अंदाजावर काम करायचं नव्हतं. ताईंना मी पूजेतल्या उरलेल्या अक्षता मागितल्या. त्या त्यांनी गोंदियाला येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पुडीत बांधून पाठवल्या. एका भंगार कॅमेऱ्याची पिन आणि भंगार लेन्सचं कडं माझ्याकडे होतं. दोन्हींच्या मध्ये एक दाणा पुन्हा ओला करून चिरडला आणि टेबल लॅम्पखाली दोन दिवस वाळू दिला. पिन अडकली. बटण अर्ध्यावर थांबलं, अगदी तसंच.

मग त्यावर एकेक द्रव वापरून पाहिलं. अल्कोहोलने रंग निघाला, लई हलली नाही. पांढऱ्या पेट्रोलने काहीच झालं नाही. कोमट पाण्याने थोड्या वेळात मऊ पडली आणि पिन सुटली.

अडचण इथेच होती. कॅमेरा दुरुस्तीत पाणी घालत नाहीत, काढतात. माऊंटच्या मागेच शटर आहे, त्याच्यामागे सेन्सर, आणि खाली सर्किट. एक थेंब चुकीच्या दिशेला गेला तर बॉडी गेली. मग लेन्स वाचली तरी आमगावच्या लग्नाला कॅमेरा नाही.

मी ताईंना बोलावून घेतलं आणि हे सगळं समजावलं. पाण्यात धोका कॅमेऱ्याला होता, लेन्सला नव्हता. ताई भंगार पिनकडे पाहत राहिल्या. बटण स्वतः दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "टाका पाणी. माझ्यासमोर टाका."

कॅमेरा चिमट्यात धरून उलटा टांगला, लेन्स खाली. म्हणजे पाणी ओघळलं तर लेन्सकडे जाईल. इन्सुलिनच्या सुईचं टोक घासून सपाट केलं. लेन्स हलक्या हाताने खाली ओढली की सांध्यात कागदाएवढी फट पडत होती. पिनच्या जागी डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब सोडला. कोमट. फटीने तो ओढून घेतला. बाहेर आलेलं पाणी टिपकागदाने टिपलं. थांबलो. पुन्हा एक थेंब.

मधल्या वेळात ताईंनी एकदा विचारलं, "मामाजींनी तुमाले फोन केला होता ना?"

मी नवा टिपकागद घेतला.

तिसऱ्या थेंबानंतर बटण थोडं जास्त दबलं. लगेच अल्कोहोल सोडलं, आतलं पाणी ओढून घेऊन उडून जावं म्हणून. सुकू दिलं. बटण दाबलं. पूर्ण गेलं. लेन्स फिरवली आणि ती हातात आली.

खाचेत पांढरट लगदा होता आणि तांदळाचा अर्धा दाणा, अजून पिवळा. माऊंटच्या आत ओल नव्हती. खात्रीसाठी कॅमेरा ड्राय बॉक्समध्ये ठेवला. तो पेटीसारखा असतो, आतली हवा कोरडी ठेवतो. दुसऱ्या दिवशी बॅटरी घालून तपासला. शटर चाललं, फोटो स्वच्छ आला. आमगावचं लग्न त्याच कॅमेऱ्यावर झालं.

देवाजींना मी फोन करून लेन्स निघाल्याचं कळवलं. "कापली?" त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. "बरं," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

यंदाच्या दसऱ्याला ताईंनी व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले. पहिल्यात लेन्स पाटावर आहे, पुढची-मागची दोन्ही झाकणं लावलेली. अक्षता वरच्या झाकणावर आहेत. दुसरा त्या लेन्सने काढलेला आहे. देवाजी ओसरीत खुर्चीवर बसले आहेत, फोकस किंचित कानावर गेला आहे.

खाली एकच शब्द लिहिला होता: निघाली.