पेढ्यांच्या खोक्यातली गाठ

कोणत्याही प्रश्नाचं ठाम उत्तर न देता माणूस सन्मानाने जगू शकतो, हे आमच्या साडूंनी धुळ्यात आयुष्यभर सिद्ध करून दाखवलं. ते पॅथॉलॉजिस्ट होते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून गाठ कसली ते सांगायचं, हा त्यांचा उद्योग. सूक्ष्मदर्शक लॅबमध्ये ठेवून ते घरी आले, असं मात्र कधी झालं नाही. मुलगी बघायला गेले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "पसंत आहे ना?" साडू म्हणाले, "नाकारण्यासारखं काही आढळलं नाही." माझ्या मोठ्या मेहुणी, म्हणजे अक्का, हे वाक्य सुखाचा संसार करूनही विसरल्या नाहीत. अमळनेरच्या एका लग्नात यजमानांनी भरीत कसं झालंय म्हणून विचारलं. "एका घासावर सांगता येत नाही," म्हणत साडूंनी तीनदा वाढून घेतलं आणि हात धुताना मत दिलं, "वांग्याचं असावं."

तपासून झालेला मेणाचा एकही ठोकळा ते फेकत नसत. सगळे पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांत, वर वर्ष लिहून, माळ्यावर. "एकदा बंबात घालते हे सगळं!" अक्का म्हणत. "मेण छान पेटतं," साडू म्हणत. त्यांनी ठामपणे दिलेलं एवढंच मत मला आठवतं.

नव्वदच्या सुमारास रावेरच्या एका तरुण केळीवाल्याच्या उजव्या मनगटातल्या गाठीचा तुकडा त्यांच्याकडे आला. पाठोपाठ जळगावच्या बड्या सर्जनचा फोन. आवाज एवढा, की समोर बसलेल्या मलाही निदान कळत होतं.

"रक्तवाहिनीचा कॅन्सर लिहा आणि मोकळे व्हा. कोपराखालून हात काढतो."

"गाठ रक्तवाहिनीचीच आहे. साधी नाही, पण तुम्ही म्हणता तेवढी दुष्टही दिसत नाही. मधली असावी."

"मधली सून असते हो, गाठ नसते!"

साडूंनी तरीही लिहिलं : नक्की नाव सांगता येत नाही, भोवतीचा भाग थोडा आणखी काढावा, हात ठेवावा, आयुष्यभर तपासत राहावं. कागद घ्यायला केळीवाला स्वतः आला.

"डॉक्टरसाहेब, हात राहीन का जाईन, तेवढं सांगा."

"आज राहील, भाऊ. पुढचं माहीत नाही."

"माहीत नाही म्हणायले एवढं शिकले?"

"हो. बरीच वर्षं लागली."

तो गेल्यावर मला म्हणाले, "चाळीसगावला आपला धुळ्याचा डबा मुंबईच्या गाडीला जोडतात ना? काही गाठींत तसा एका जनुकाचा तुकडा भलत्याच जनुकाला जोडलेला सापडतो. या गाठीतही असावा. मग जोड बघितला की गाठीचं नाव कळेल."

"कधी?"

"नक्की सांगता येत नाही."

हात राहिला. वीसेक वर्षांनी त्याच मनगटावर वाटाण्याएवढी गाठ पुन्हा आली, तेव्हा साडू जाऊन चार वर्षं झाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ती काढली आणि ताडून बघायला जुना ठोकळाही मागवला. अक्का स्वतः माळ्यावर चढल्या. बंबात जायचं ते खोकं त्यांना पाच मिनिटांत सापडलं.

दोन्ही गाठींत तोच भलता जोड निघाला. गाठ मधलीच होती. केळीवाला अहवाल घेऊन धुळ्याला आला आणि त्याच उजव्या हाताने त्याने कागद पुढे केला. मी अक्कांना तो वाचून दाखवला. गाठीचं नाव आता स्पष्ट छापलेलं होतं.

अक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"नक्की ना?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा बघितलं का त्या मुंबईवाल्यांनी?"