गोधडीची पाठ

अर्जदार: मी स्वतः, तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. स्थळ: तालुक्याचे वाचनालय. वेळ: गेल्या मंगळवारची दुपार. साक्षीदार: ग्रंथपाल जोशीबाई आणि गोधड्या शिवणाऱ्या अनसूयाबाई.

हकीकत अशी की, देशाच्या संस्कृतीवरील एक नवे जाडजूड पुस्तक टेबलावर उघडे होते. त्यात एका गोधडीचे पानभर छायाचित्र होते आणि खाली 'ग्रामीण कला' एवढेच छापले होते. अनसूयाबाईंनी त्यावरून बोट फिरवले आणि लगेच पान उलटले. मागे एक किल्ला निघाला.

"अगं बाई, हिची पाठ कुठाय?"

जोशीबाई हसल्या. "मावशी, पुस्तक आहे ते. पांघरायचंय का?"

"हसा तुम्ही. टाका पाठीवरनंच ओळखू येतो. ही माझ्या आईच्या हातची वाटतेय. पाठ दिसली असती, तर आत्ता सांगितलं असतं."

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही नमूद करतो की, वारशाला दर्शनी बाजू असते तशी पाठही असते, आणि करणाऱ्याचा हात तिथेच सापडतो. आजवर अशी पुस्तके आमच्यापर्यंत पोहोचत नव्हती. आता ती पोहोचली आहेत आणि आमची माणसे पान उलटून विचारू लागली आहेत, ही आशेची गोष्ट आहे.

सबब प्रकाशकांस विनंती की, त्या गोधडीच्या पाठीचे एक छायाचित्र पाठवावे. अनसूयाबाईंना टाका ओळखता आला, तर पुढील आवृत्तीत त्यांच्या आईचे नाव छापावे. नाव गंगूबाई. उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडले आहे.