बारा मासे, तिघे जण

पन्नास-पंचावन्न सालातली गोष्ट. चांद्याकडच्या जंगलात ढिवरांचं एक गाव होतं, तिथे मी एकटा मास्तर. चार वर्ग, एक फळा, आणि डोकं भयंकर तापट.

पोरं पावकी-निमकी घडाघडा म्हणत, पण अपूर्णांक म्हटलं की सगळे दगड. त्यात एकच पोरगी हुशार, चौथीतली. बाप तिचा तळ्यावर जाळं टाकायचा. तिला पुढे शिकवा म्हणून त्याच्या मागे लागलो तेव्हा तो म्हणाला, "पास झाली तं धाडतो जी चांद्याले शिकाले. नाई झाली तं सोयरीक आलीच हाये." म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर.

तोंडी परीक्षा घ्यायला डिप्टी साहेब आले. "अर्धा आणि पाव मिळून किती?" असं त्यांनी खेकसून विचारलं. रोज सांगणाऱ्या पोरीची वाचाच बसली. शहाणपणा सुचला मला! म्हटलं, "साहेब, माशांवर विचारा. ढिवराची पोर आहे."

साहेब हसले. "बरं. तिघांनी बारा मासे धरले. सारखे वाटले. प्रत्येकाला कितवा हिस्सा?"

ती लगेच म्हणाली, "चौथा. तीन-तीन मासे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि टाक उचलला. माझं मस्तकच फिरलं. "गधडे! तिघांत चौथा हिस्सा आणलास कुठून?" मी साऱ्या वर्गापुढे ओरडलो. ती काहीतरी बोलणार होती. बोलली नाही. साहेबांनी नापास लिहिलं, कागदावर माझी सही घेतली आणि त्यांची बैलांची दमणी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. हातात पळसाचं पान, पानावर दोन मासे.

"बाबानं धाडले जी. तुमचा वाटा."

कालच्या ओरडण्याची लाज वाटत होती. उगाच विचारलं, "मला कशाला? किती सापडले?"

"चौदा. पाच जन होते. एक वाटा जाळ्याचा, जाळं फाटते, त्याले सूत लागते. आन् एक तुमचा." बोटांवर न मोजता ती म्हणाली, "सातवा हिस्सा झाला जी."

तीन माणसं आणि एक जाळं. चार वाटे. पोरगी अचूक होती. तीन वर्षं त्या गावात मासे खाल्ले, पण वाटणी होताना एकदाही तळ्यावर जाऊन पाहिलं नव्हतं.

"अगं, मग काल काऊन नाई सांगितलं?"

तिने मान खाली घातली. "तुमी वरडले ना जी."

सायकल काढून त्याच दिवशी चांदा गाठला. साहेब म्हणाले, "निकाल लागला मास्तर, आता जा." वैशाखात तिचं लग्न झालं. मी मात्र पुढेही अपूर्णांकच शिकवत राहिलो. दुसरं येत काय होतं मला?